कुर्तुब्याचे काझी आणि पॅरिसचा वर्ग

सीरतचा जलसा असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की मोबाइलवर फिरणारा मजकूर असो, एक वाक्य आपल्या कानांवर हमखास पडते. युरोप अंधारात चाचपडत होता तेव्हा आमच्या कुर्तुब्यात दिवे लागलेले होते, आणि युरोपला जे शहाणपण आले ते आमच्याकडून आले. हे वाक्य आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत ठासून म्हटले आणि टाळ्याही मिळवल्या. वाक्य खोटे नाही. पण ते जिथे संपते तिथून खरी गोष्ट सुरू होते. युरोपने घेतले ते काय, घेतल्यावर त्याचे काय केले, आणि घेताना काय मागे राहिले, हे कोणी सांगत नाही. वाचकहो, आज आम्ही त्या उरलेल्या गोष्टीविषयी लिहिणार आहोत.

सुरुवात एका परदेशी विद्यार्थ्यापासून करू. इटलीतल्या क्रेमोना गावी सुमारे 1114 साली जन्मलेला जेरार्ड नावाचा माणूस. त्याला बत्लमियूसचे ‘अल्-मजिस्ती’ हे खगोलशास्त्राचे पुस्तक हवे होते. त्याच्या देशात ते मिळेना. ते तुलैतुल्यात, म्हणजे आजच्या टोलेडोत मिळेल असे समजले म्हणून तो स्पेनला गेला. तुलैतुला 1085 साली मुसलमानांच्या हातून गेले होते, परंतु शहराची जीभ अरबीच होती. अरबी बोलणारे ख्रिस्ती, यहुदी आणि मागे राहिलेले मुसलमान तिथे एकत्र नांदत होते, आणि ग्रंथसंग्रह शाबूत होते. जेरार्डने तिथे पाहिले की ज्या पुस्तकासाठी आपण आलो ते तर आहेच, पण प्रत्येक विषयावर अरबीत इतकी पुस्तके आहेत की आपल्या लॅटिन जगाच्या गरिबीची कीव यावी. मग तो अरबी शिकला आणि घरी परतायचे विसरला.

1187 साली तो वारला तेव्हा त्याच्या शिष्यांनी यादी केली. सत्तरहून अधिक पुस्तके! इब्ने सीनांचे ‘अल्-कानून’, अबुल कासिम अझ्-झहरावींचा शस्त्रक्रियेवरचा ग्रंथ, राझींचे ‘किताबुल मन्सूरी’, ख्वारिज्मींचे बीजगणित, फाराबींचे विद्यांच्या वर्गीकरणावरचे पुस्तक, युक्लिडची भूमिती. यादी करावी लागली याचे कारण मोठे बोलके आहे. जेरार्ड आपल्या भाषांतरांवर स्वतःचे नावच घालत नसे. आपल्या गुरूचे श्रम दुसऱ्याच्या नावावर खपू नयेत म्हणून शिष्यांनी ती यादी एका पुस्तकाला जोडून ठेवली.

पण त्या यादीतही एक नाव नाही. इंग्लंडहून मॉर्लीचा डॅनियल नावाचा विद्यार्थी तुलैतुल्यात आला होता. तो सांगतो की अल्-मजिस्ती हातात घेऊन तुलैतुल्याच्या बोलीत उलगडून सांगणारा गालिब नावाचा अरबीभाषक ख्रिस्ती होता, आणि जेरार्ड ते लॅटिनमध्ये उतरवीत होता. गालिबविषयी इतिहासाला एवढेच ठाऊक आहे. हाच डॅनियल आधी पॅरिसला शिकायला गेला होता. तिथल्या मास्तरांचे त्याने केलेले वर्णन वाचून आम्हाला हसू आवरेना. समोर दोन-तीन चौरंगांवर न पेलणारी जाडजूड पुस्तके मांडून, हातात शिशाची लेखणी घेऊन हे लोक पुतळ्यासारखे बसत, मोठ्या गांभीर्याने समासात खुणा करीत आणि गप्प राहिले की विद्वान वाटत. असे मास्तर फक्त पॅरिसलाच होते असे आम्ही म्हणणार नाही.

त्याच्याही पूर्वी, बाराव्या शतकाच्या आरंभी, इंग्लंडमधल्या बाथ गावचा अॅडलार्ड हा दक्षिण इटली, सिसिली आणि अंताकियापर्यंत फिरून आला होता. ख्वारिज्मींचे खगोलीय कोष्टक आणि युक्लिड त्याने अरबीतून लॅटिनमध्ये नेले. निसर्गाविषयीच्या प्रश्नांवर त्याने आपल्या पुतण्याशी संवाद लिहिला आहे. त्यात काका पुतण्याला म्हणतो की मी अरब उस्तादांकडून अक्कल वापरायला शिकलो, आणि तुम्ही मात्र कोणा मोठ्या नावाच्या दाव्याने बांधलेले आहात. जनावराला दावे धरून न्यावे तसे तुम्हाला कुठेही नेता येते. वक्तृत्व स्पर्धेसाठी याहून चांगला पुरावा कोणता?

थांबा. त्याच पुस्तकात अॅडलार्ड आणखी एक कबुली देतो. आमच्या पिढीला एक खोड आहे, आजच्या माणसाने शोधलेले काहीही ती मान्य करत नाही. म्हणून मला स्वतःचे काही सांगायचे असले की मी ते दुसऱ्याच्या नावावर खपवतो, असे तो म्हणतो. अभ्यासकांना त्या पुस्तकात अरबी पुस्तकांतून घेतलेले फारसे सापडलेले नाही. म्हणजे ‘अरब उस्ताद’ ही त्याची ढाल असण्याचा मोठा संभव आहे. मोठ्या नावाच्या दाव्यातून सुटण्यासाठी त्याने दुसऱ्या मोठ्या नावाचे दावे धरले! आम्हाला यात आपला मोठेपणाही दिसतो आणि त्या काळाची लाचारीही दिसते. अरबांचे नाव घेतले की ऐकणारा गप्प बसत असे, एवढी पत होती हे खरे.

लॅटिन युरोपात प्रमाण मानले जाई ते काय? बायबल, चर्चच्या जुन्या इमामांची वचने (त्यांना ‘चर्चचे पिता’ म्हणत) आणि काही मोजके प्राचीन लेखक. शिकणे म्हणजे त्यांचे वाचन. ‘लेक्चर’ या शब्दाचा मूळ अर्थही वाचन एवढाच आहे. मास्तर वाचणार, मुले ऐकणार. पण प्रमाण वचनेच एकमेकांच्या विरुद्ध जात असली तर काय करायचे? पॅरिसमध्ये पीटर आबेलार्ड याने नेमके हेच दाखवले. ‘होय आणि नाही’ अशा नावाच्या पुस्तकात त्याने 158 प्रश्न घेतले आणि प्रत्येकाखाली त्याच पूज्य पित्यांची होकाराची आणि नकाराची वचने शेजारी शेजारी मांडली. निकाल दिला नाही. विद्यार्थ्यांनी शब्दाचा अर्थ, प्रसंग, नक्कल करणाऱ्याच्या चुका तपासाव्यात आणि मग बोलावे.

आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मतभेद, म्हणजे इख्तिलाफ, हा आपल्याकडे फिकहचा एक स्वतंत्र विषयच होता. एकाच मसल्यावर इमाम अबू हनीफा काय म्हणतात, इमाम शाफई काय म्हणतात, आणि का म्हणतात, हे मदरशातला मुलगा शिकत असे. कोकणातल्या शाफई घरातली मुलगी हनफी घरात सून म्हणून आली की हा विषय आपोआप शिकते, ते वेगळे. आबेलार्डने हे मुसलमानांकडून घेतले याला मात्र पुरावा नाही, आणि पुरावा नसताना घेतले म्हणणे आम्हाला पसंत नाही. त्याला त्याची किंमत मोजावी लागली हे पक्के ठाऊक आहे. 1121 साली सोइसाँ येथे धर्मसभेने त्याला त्याचे एक पुस्तक स्वतःच्या हाताने आगीत टाकायला लावले. वीस वर्षांनी साँस येथे पुन्हा त्याच्यावर ठपका आला. रोमला दाद मागायला निघालेल्या त्या आजारी, म्हाताऱ्या माणसाला क्लूनी मठाच्या पीटर नावाच्या महंताने आसरा दिला.

हा पीटर आपल्याही इतिहासात येतो. आबेलार्ड 1142 मध्ये वारला. त्याच वर्षी पीटर स्पेनला गेला आणि पदरचे पैसे खर्चून त्याने कुरआनचे लॅटिन भाषांतर करवून घेतले. रॉबर्ट नावाच्या इंग्रजाने ते 1143 मध्ये पूर्ण केले. मदतीला मुहंमद नावाचा एक मुसलमान होता. हेतू इस्लामचे खंडन करण्याचा होता, हे पीटरने लपवलेले नाही. पण खंडन करायचे तर आधी वाचले पाहिजे, हा आग्रह त्याचाच. ज्याने बदनाम झालेल्या पंडिताला छप्पर दिले, त्यानेच विरोधकाचा ग्रंथ आधी समजून घेण्यासाठी पैसा ओतला. भाषांतर सैल आहे, त्यावर टीकाही पुष्कळ झाली. तरी पुढची चारशे वर्षे युरोपात कुरआन म्हणून मुख्यतः तेच वाचले गेले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

भाषांतरांचे हे गाठोडे पॅरिसला उघडले तेव्हा त्यात अरस्तू होता, आणि अरस्तूच्या आगेमागे अरबी नावांची रांग. यात गमती झाल्या. इमाम गझाली (रह.) यांनी तत्त्वज्ञांचे खंडन करण्यापूर्वी ‘मकासिदुल फलासिफा’ हे पुस्तक लिहिले. आधी त्यांचे म्हणणे जसेच्या तसे मांडावे, मग ‘तहाफुत’मध्ये ते खोडून काढावे असा इमामसाहेबांचा बेत होता, आणि तसे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले होते. तुलैतुल्यात हे पहिले पुस्तक लॅटिनमध्ये गेले. बहुतेक प्रतींतून प्रस्तावना मात्र गळाली. परिणाम असा झाला की पॅरिसच्या मास्तरांनी इमाम गझालींना इब्ने सीनांचा चेला समजून त्यांची मते तपासली, आणि एका पंडिताने तर चुकीच्या तत्त्वज्ञांच्या यादीत त्यांना घातले! ज्या माणसाने आयुष्याचा मोठा भाग फलसफ्याचा मुकाबला करण्यात घालवला, तो लॅटिन जगात दोनशे वर्षे ‘अल्गाझेल’ नावाचा फलसफी म्हणून वावरला. एक प्रस्तावना गळाली, एवढेच निमित्त.

आणि इब्ने रुश्द. 1126 मध्ये कुर्तुब्यात जन्म, आजोबा आणि वडील दोघेही काझी, घराणे मालिकी फिकहचे. ते स्वतः आधी इश्बीलियाचे आणि मग कुर्तुब्याचे काझी झाले. खलीफा अबू याकूब यूसुफ यांच्यासमोर इब्ने तुफैल यांनी त्यांना प्रथम नेले तेव्हा खलीफांनी विचारले, आकाशाविषयी तत्त्वज्ञांचे मत काय, ते अनादी आहे की निर्माण झालेले? इब्ने रुश्द घाबरले आणि आपण फलसफा शिकलोच नाही असे म्हणाले. मग खलीफा स्वतःच इब्ने तुफैलशी त्या प्रश्नावर बोलू लागले तेव्हा कुठे त्यांची भीड चेपली. पुढे अरस्तूचे म्हणणे दुर्बोध आहे, कोणी सोपे करून सांगावे, अशी इच्छा त्याच दरबारातून आली आणि इब्ने रुश्द यांनी ती पुरी करण्यात आयुष्य वेचले. छोटे भाष्य, मध्यम भाष्य, मोठे भाष्य अशा तीन पायऱ्या केल्या.

पहिल्या भेटीतल्या त्या भीतीला कारण होते हे शेवटी कळले. 1195 साली दुसऱ्या खलीफांच्या काळात त्यांच्यावर गदा आली, पुस्तके जाळण्यात आली, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना कुर्तुब्याजवळच्या लुसेना गावी धाडण्यात आले. त्या दिवसांतली एक आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे. आपल्यावर आलेला सर्वांत मोठा घाव कोणता, तर आपण मुलासह असरच्या नमाजीला कुर्तुब्याच्या एका मशिदीत गेलो आणि काही उडाणटप्पू लोकांनी आपल्याला बाहेर काढले, असे ते म्हणत. ज्या शहराचे ते काझी होते, तेच हे शहर. पुढे खलीफांचा राग निवळला, बोलावणेही आले. पण 1198 मध्ये मराकेशला त्यांचे निधन झाले. मय्यत नंतर कुर्तुब्याला नेण्यात आली. तरुण इब्ने अरबी तिथे हजर होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की खेचराच्या एका बाजूला इब्ने रुश्द यांचा जनाजा होता आणि तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला त्यांचीच पुस्तके लादली होती.

त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, 1210 साली, पॅरिसमध्ये धर्मसभेने हुकूम काढला की अरस्तूची निसर्गावरची पुस्तके आणि त्यांची भाष्ये उघडपणे वा खासगीत शिकवू नयेत. त्याच सभेने आमोरी नावाच्या एका मृत मास्तराची हाडे कबरीतून उकरून बाहेर टाकली आणि त्याच्या दहा अनुयायांना जिवंत जाळले. 1215 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. म्हणजे पुस्तके जाळण्यात कुर्तुबा आणि पॅरिस यांच्यात फार अंतर नव्हते. आपल्याकडे सारे उदार आणि त्यांच्याकडे सारे कडवे, असा हिशोब इथे जमत नाही. उलटाही जमत नाही.

मग फरक कुठे पडला? आमच्या मते फरक पडला तो 1229 च्या एका भांडणात. पॅरिसमधल्या एका दारूच्या गुत्त्यावर बिलावरून विद्यार्थ्यांची मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी ते टोळीने परतले आणि धुमाकूळ घातला. राजमाता ब्लांशच्या परवानगीने शिपायांनी बदला घेतला, त्यात काही विद्यार्थी मारले गेले. प्रसंग लाजिरवाणा, सुरुवात तर हरामाच्या प्याल्याने झालेली. पण पुढे जे घडले ते पाहा. पॅरिसच्या मास्तरांनी वर्ग बंद केले आणि शहर सोडले. कोणी ऑक्सफर्डला गेले, कोणी ऑर्लेआंला, कोणी आंजेला. नव्यानेच निघालेल्या तुलूझच्या विद्यापीठाने तर जाहिरातच पाठवली, की जी पुस्तके पॅरिसला वर्ज्य आहेत ती आमच्याकडे या आणि ऐका! दोन वर्षे पॅरिस ओस पडले. शेवटी 1231 मध्ये पोपला फर्मान काढून मास्तरांचे हक्क मान्य करावे लागले. पुस्तकांतल्या चुका तपासून काढा, मग शिकवा, अशी तोडही सुचवण्यात आली. तपासणीचे काम पुरे झालेच नाही. 1255 मध्ये विद्यापीठाने अरस्तूची बहुतेक सारी पुस्तके अभ्यासक्रमात घातली. ज्यावर पंचेचाळीस वर्षांपूर्वी बंदी होती, त्याशिवाय आता परीक्षा देता येईना.

विद्यापीठ या अर्थाचा लॅटिन शब्द मुळात इमारतीचा नव्हे, जमातीचा आहे. चांभारांची, सुतारांची असावी तशी मास्तरांची पंचायत. तिला स्वतःचा शिक्का, स्वतःचे नियम, नियम बदलण्याचा हक्क. आपल्या मदरशाचा पाया वेगळा होता. एखादा वजीर, व्यापारी किंवा बेगम जायदाद वक्फ करी, वक्फनाम्यात अटी लिही, आणि त्या अटी कयामतपर्यंत पाळायच्या असत. इल्मची इजाजत संस्था देत नसे, उस्ताद देई. हातावर हात ठेवल्यासारखी ती माणसाकडून माणसाकडे जाई. यात मोठी ऊब होती, आणि एक मोकळीकही होती. जेरार्ड तुलैतुल्यात भाषांतरे करीत होता त्याच काळात बगदादमध्ये शुहदा नावाच्या आलिमा पुरुषांना हदीस शिकवून सनद देत होत्या. पॅरिसच्या जमातीत बाईला जागा नव्हती. आबेलार्डची विदुषी पत्नी एलोईज हिचे शिक्षण मठात आणि घरात झाले आणि आयुष्य मठात गेले. पण इब्ने रुश्दांवर वेळ आली तेव्हा त्यांच्या बाजूने वर्ग बंद करून शहर सोडणारी कोणतीही जमात नव्हती. त्यांचा आधार खलीफांची मर्जी हा होता, आणि मर्जी एका दिवसात फिरते.

अमेरिकेतले अभ्यासक जॉर्ज मकदिसी यांनी 1981 मधल्या आपल्या पुस्तकात मांडले की युरोपातले कॉलेज, म्हणजे दानातून चालणारे विद्यार्थ्यांचे वसतिगृह-विद्यालय, हे वक्फच्या मदरशासारखेच आहे आणि वादविवादाची रीतही तिथून गेली असावी. विद्यापीठ नावाची जमात मात्र युरोपची स्वतःची. त्यांचे पहिले म्हणणे बऱ्याच इतिहासकारांना पटलेले नाही. दुसऱ्यावर फारसा वाद नाही.

पॅरिसला सीन नदीच्या डाव्या तीरावर ‘गवताची गल्ली’ होती. मुले जमिनीवर गवताच्या पेंढ्या अंथरून बसत, म्हणून ते नाव. चौदा-पंधरा वर्षांची पोरे. पुस्तक विकत घेणे ऐपतीबाहेरचे. त्यामुळे दुकानदार मूळ प्रत सुटी करून तिचे भाग भाड्याने देत, मुले एक भाग उतरवून परत करीत आणि पुढचा नेत. वर्षातून दोनदा असा जलसा होई की त्यात कोणीही, कुठलाही प्रश्न मास्तरला विचारावा. ‘तुम्ही म्हणता ते खरे कशावरून?’ असे चारचौघांत विचारायची ती राजमान्य जागा होती. आपल्या मुनाझऱ्यांची आठवण यावी असाच हा प्रकार. या गल्लीत 1260 च्या दशकात ‘भाष्यकार’ एवढेच म्हटले की सर्वांना समजे. भाष्यकार म्हणजे इब्ने रुश्द. नाव घेण्याचीही गरज उरली नव्हती.

याच गल्लीत सीजर नावाचा तरुण मास्तर शिकवत होता, आणि पेटला तो प्रश्न हा. अरस्तूच्या आत्म्यावरील पुस्तकाच्या मोठ्या भाष्यात इब्ने रुश्द अशा निष्कर्षाला येतात की विचार करणारी बुद्धी ही माणसागणिक वेगळी नसून सर्व मानवजातीत मिळून एकच आहे. दोन माणसांना एकच गणित समजते ते त्यामुळे. पण मग मेल्यावर उरते ते कोण? हिशोब कोणाचा? पाप तुझे आणि पुण्य माझे, हे कसे ठरणार? ख्रिस्ती पंडितांना हा प्रश्न पडला, आणि कोणत्याही मुसलमान घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही तोच पडेल. इटलीचा थॉमस अक्विनास हा दुसरा मास्तर, इब्ने सीना आणि इब्ने रुश्द यांची पाने उलटूनच वाढलेला. त्याने 1270 मध्ये या एकाच मुद्द्यावर आख्खे पुस्तक लिहिले. त्यात तो शास्त्रवचनांचा आधार बाजूला ठेवतो आणि अरस्तूच्याच शब्दांनी भाष्यकाराला चुकीचे ठरवू पाहतो. विरोधकाला त्याच्या मैदानावर गाठण्याची ही रीत आम्हाला आवडते. भाषा मात्र कडक आहे. अरस्तूचा अनुयायी नव्हे, त्याला बिघडवणारा, असे तो इब्ने रुश्दांना म्हणतो.

बिशप एतिएन ताँपिए याला पुस्तकांनी समाधान झाले नाही. त्याच वर्षी त्याने तेरा विधाने निषिद्ध ठरवली. 7 मार्च 1277 रोजी यादी 219 वर गेली. घाईत केलेली, क्रम नसलेली, एकमेकांशी न जुळणारी यादी. त्यातल्या काही विधानांचे शिंतोडे तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला वारलेल्या थॉमसवरही उडाले. यादीच्या प्रारंभी बिशप म्हणतो, हे लोक असे बोलतात की एखादी गोष्ट तत्त्वज्ञानाने खरी आणि धर्माने खोटी असू शकते, जणू दोन सत्ये आहेत. असे स्पष्टपणे म्हणणारा एकही मास्तर संशोधकांना सापडलेला नाही. तरीही ‘दोन सत्यांचा सिद्धांत’ हा इब्ने रुश्दांच्या नावाला शतकानुशतके चिकटून बसला.

प्रत्यक्षात त्यांनी नेमके उलट लिहिले होते. ‘फस्लुल मकाल’ या छोट्याशा पुस्तकात ते काझीच्या आसनावर बसून विचारतात की फलसफ्याचा अभ्यास शरीअतच्या दृष्टीने वाजिब आहे, मुबाह आहे की मना आहे? निकाल देताना त्यांचा आधार हाच की सत्य सत्याच्या विरोधात उभे राहत नाही. अक्कल आणि वही यांच्यात फट दिसली तर आपल्या समजण्यात काही राहिले आहे, अर्थ पुन्हा तपासावा. हे पुस्तक मध्ययुगात लॅटिनमध्ये गेलेच नाही. त्यांचे ‘बिदायतुल मुज्तहिद’ही गेले नाही, ज्यात इमामांचे मतभेद आणि त्या मतभेदांची कारणे अशी मांडली आहेत की आजही मदरशांतून ते पुस्तक उघडले जाते. पॅरिसला भाष्यकार ठाऊक होता, काझी ठाऊक नव्हता. नमाज, रोजा, निकाह, वारसा यांच्या मसल्यांत रात्री जागवणारा माणूस आणि आत्म्यावर लिहिणारा माणूस एकच आहे, हे त्या गवतावर बसलेल्या मुलांना कधी कळले नाही.

आपल्याकडे उलट झाले. आपण काझी जपला आणि भाष्यकार हातचा सोडला.

पुढची हकीगत थोडक्यात. सीजरला धर्मन्यायाधीशाचे बोलावणे आले, तो इटलीत गेला आणि ऑर्व्हिएतो येथे त्याच्याच कारकुनाने त्याला ठार केले असे सांगतात. थॉमसला 1323 मध्ये संतपद मिळाले आणि दोन वर्षांनी पॅरिसच्या बिशपने थॉमसला लागू पडणारी मनाई मागे घेतली. फ्लॉरेन्सच्या एका चर्चच्या भिंतीवर थॉमस सिंहासनावर आणि इब्ने रुश्द त्याच्या पायाशी हताश बसलेले, असे चित्र चौदाव्या शतकात काढले गेले. दान्तेने मात्र इब्ने रुश्दांना यातनेपासून दूर, इब्ने सीना आणि सुलतान सलाहुद्दीन यांच्या सोबतीला सज्जनांच्या कोपऱ्यात बसवले, आणि सीजरला तर थेट जन्नतमध्ये, थॉमसच्या शेजारी! सोळाव्या शतकाच्या आरंभी राफाएलने पोपच्या वाड्यात ज्ञान्यांची सभा रंगवली, तीत पगडी घातलेला एक माणूस पुढे वाकून दुसऱ्याच्या वहीत डोकावतो आहे. ते इब्ने रुश्द असे मानतात.

‘अल्-कानून’चे नशीब अधिक बरे. सतराव्या शतकापर्यंत ते युरोपच्या वैद्यकीय विद्यापीठांतून शिकवले गेले, 1593 मध्ये रोमच्या छापखान्यात मूळ अरबीतही छापले गेले, आणि मुंबई-पुणे-मालेगावच्या युनानी कॉलेजांतल्या आपल्या मुलामुलींना इब्ने सीनांचे नाव आजही पहिल्या वर्षातच भेटते. त्यांना निदान दोन्ही घरे मिळाली.

ज्या पुस्तकावरून पॅरिस पेटले, त्या आत्म्यावरील मोठ्या भाष्याचे अरबी मूळ मात्र काही तुकड्यांखेरीज हरवले. जगात ते उरले लॅटिनमध्ये, गवताच्या गल्लीतल्या पोरांनी भाग भाग भाड्याने आणून उतरवलेल्या प्रतींच्या वंशावळीत. 1953 मध्ये त्याची काळजीपूर्वक तपासलेली लॅटिन आवृत्ती अमेरिकेत निघाली. 1997 मध्ये ट्युनिसियाच्या ‘बैतुल हिक्मा’ अकादमीने ते लॅटिनवरून पुन्हा अरबीत आणले. बगदादच्या ज्या बैतुल हिक्माचे नाव या अकादमीने घेतले आहे, तिच्या काळात यूनानी पुस्तके अरबीत येत होती. आता कुर्तुब्याच्या काझींचे शब्द, आठशे वर्षांनी, परक्या भाषेतून घरी आले आहेत. कुठले वाक्य हुबेहूब त्यांचे आणि कुठले भाषांतरकाराचे, हे अरबी वाचकाला आज अंदाजानेच ठरवावे लागते.